बटणावरचा हात

आमच्या सावनेरच्या घरात, माडीवर जाणाऱ्या जिन्याखालच्या कपाटात एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. पत्र्याच्या पेटीचा करडा रंग कोपऱ्यांवर उडालेला, पाठीमागे वायरींची भोके आणि समोर चार काळी बटणे. त्यातले पहिले बटण इतके गुळगुळीत झाले आहे, की त्यावरचे आकडे आता दिसत नाहीत. ते आवाजाचे बटण. माझ्या वडिलांचा अंगठा आणि तर्जनी त्यावर चाळीस वर्षे फिरली, म्हणून ते तसे झाले.

बाबांचा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा. बाजारओळीत दोन खणांचे दुकान होते. दिवसा रेडिओ-दुरुस्ती आणि संध्याकाळी कर्णे, माईक, वायरींची भेंडोळी हातगाडीवर लादून जिथे ऑर्डर असेल तिथे जायचे. लग्न असो, गणपती असो, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असो, उरूस असो, सभा असो, सावनेरात आणि अवतीभवतीच्या खेड्यांत काहीही व्हायचे तर बाबांवाचून ते होत नसे. मध्य प्रदेशची हद्द जवळ. तिकडे सौंसरपर्यंत त्यांचे कर्णे जात. त्यामुळे दोन राज्यांच्या निवडणुका आमच्या दुकानाला लाभत. आई म्हणायची, "सरकार कोणाचंबी येऊ दे, आपली दिवाळी झाली."

बाबांचे मदतनीस होते, त्यांना सारे गाव 'उस्ताद' म्हणते. धर्माने मुसलमान, आणि हनुमान जयंतीला पहिला कर्णा तेच बांधणार. विजेच्या खांबावर, चिंचेच्या झाडावर, देवळाच्या कळसाशेजारी ते खारीसारखे चढत. कर्णा कुठल्या अंगाला वळवला की आवाज भिंतीवर आपटून परत येणार नाही, हे त्यांना वरूनच कळे. खाली बाबा बटणावर हात ठेवून बसत. सभा तीन तास चालो की कीर्तन पहाट होईतो, तो हात बटणावरून हलत नसे. माईक शिट्टी मारायला लागला, की शिट्टी लोकांच्या कानात शिरण्याआधी बाबांची बोटे फिरलेली असत.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीतली एक संध्याकाळ मला चांगली आठवते. मी पंधरा वर्षांचा होतो. आणीबाणी नुकतीच संपत आली होती, दीड-पावणेदोन वर्षे तोंडे मिटून बसलेले लोक सभांना नुसते लोटत होते. बाबांच्या शेजारी सतरंजीवर मी बसलो होतो. वक्ता बोलता बोलता रंगात आला आणि गावातल्या एका वस्तीचे नाव घेऊन "यांना बघून घेऊ" या भाषेवर उतरला. बाबांनी हळूच बटण डावीकडे फिरवले. आवाज पातळ झाला, मग विझला. वक्ता ओरडत राहिला, पण त्याचे ओरडणे पहिल्या तीन रांगांपलीकडे जाईना. कार्यकर्ते धावत आले. बाबा म्हणाले, "बॅटरी बसली." वक्त्याचा तो विषय संपून तो पुन्हा भावाबिवाकडे, कापसाकडे वळला, तेव्हा बॅटरी आपोआप उठली.

त्या सभेचे पैसे मिळाले नाहीत. पुढच्या दोन निवडणुकांत त्या पक्षाचे काम आमच्याकडे आले नाही. पक्ष कुठला ते सांगत नाही. पुढे दुसऱ्यांच्या मंचावरही तीच भाषा ऐकली.

कॉलेजात गेल्यावर मला शिंगे फुटली होती. मी एकदा बाबांना विचारले, "त्या दिवशी तुम्ही केलं ती सेन्सॉरशिपच नव्हे का? तुम्हाला कोणी अधिकार दिला?" बाबा सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "म्यां काई त्याचं तोंड नाही धरलं. तो बोलतच होता. म्यां माही मशीन बंद केली. त्याचा आवाज माह्या मशीनीतून जाते, मंग त्यात माहा बी हात आला ना!"

या दोन गोष्टींतला फरक तेव्हा मला फार मोठा वाटला नव्हता.

* * *

सावनेरचे नाव मराठी माणसाच्या कानावर पडते ते बहुधा एकाच कारणाने. राम गणेश गडकरी इथे वारले. २३ जानेवारी १९१९. वय अवघे तेहतीस. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन ते आपल्या भावाकडे येऊन राहिले होते. 'भावबंधन' त्यांनी इथेच अखेरच्या दिवसांत पुरे केले, असे सांगतात. 'राजसंन्यास' मात्र अपुरेच राहिले. शाळेत आम्हाला २३ जानेवारीला दुहेरी भाषण पाठ करावे लागे, नेताजींची जयंती आणि गडकऱ्यांची पुण्यतिथी. एकाच दमात आझाद हिंद सेनेवरून 'एकच प्याला'वर उडी मारताना कित्येकदा दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळत आणि मास्तर हसत.

बाबांचे गडकऱ्यांशी नाते मात्र भाषणाचे नव्हते. ऐन पंचविशीत गणपतीतल्या हौशी नाटकात त्यांनी 'एकच प्याला'तली सिंधू केली होती. तेव्हा गावात स्त्री-भूमिकेला बाई मिळणे कठीणच. बत्तीच्या उजेडात, आईचेच लुगडे नेसून त्यांनी काम केले, आणि दारूपायी घर बुडालेल्या बाया प्रेक्षकांत पदर तोंडात धरून रडल्या, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. ते नाटक गडकऱ्यांनी स्वतः रंगभूमीवर पाहिले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यास रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर साऱ्या महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन बसले. तिथून सावनेरच्या गणेशमंडपात, एका रेडिओ-दुरुस्तीवाल्याच्या अंगात सिंधूने प्रवेश करायला चाळीस वर्षे लागली.

त्या काळी शब्दाची चालच अशी होती. लेखक कागदावर लिही, कंपनी तालीम घेई, आगगाडीने पडदे आणि पेट्या गावोगाव फिरत, आणि मग कुठे चारशे माणसांच्या कानावर ते वाक्य पडे. राजकारणालाही त्याच चालीने जावे लागे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत भारतमाता दिसली. सरकारने बंदी घातली ती १९१० साली. तोवर तीन वर्षे ते नाटक लोकांच्या मनात काम करून गेले होते. आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केले, तेव्हा तर गाणे, तिकीटविक्री आणि स्वराज्य ही तीन वेगळी खाती उरलीच नव्हती.

म्हणजे कला आणि राजकारण एकमेकांना आज प्रथमच भेटले आहेत, असे नाही. त्यांचा घरोबा जुना आहे. बदलले आहे ते मधले वाहन.

हे वाहन कसे बदलत गेले, ते आमच्या दुकानातून दिसे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, आणि बाबांनी ज्याच्या बळावर लग्न केले तो रेडिओ-दुरुस्तीचा धंदा त्यातूनच पुढे निघाला. नंतर दूरचित्रवाणी आली. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी बाजारओळ ओस पडू लागली. आमच्या दुकानातल्या दुरुस्तीला आलेल्या संचासमोर चपला काढून, हात जोडून लोक बसत. १९९१ च्या निवडणुकीत त्याच मालिकेतली सीता बडोद्याहून आणि रावण साबरकांठ्याहून लोकसभेत निवडून गेले. उस्ताद त्यावर हसून म्हणाले होते, "राम-रावण एकाच पार्टीत, आता भांडण कोनासंगं?" आम्ही सारे हसलो. हसण्यासारखेच होते ते. पण पडद्यावरचा मुकुट मतपेटीपर्यंत पोचायला आता चाळीस वर्षे लागत नाहीत, चार पुरतात, हे तेव्हा कोणी मोजले नाही.

* * *

२०१७ साल उजाडले तेव्हा बाबा त्र्याऐंशीचे होते. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. डोळ्यांनी दगा दिला होता, कान मात्र तल्लख. ३ जानेवारीची सकाळ. चहाच्या वेळी माझा पुतण्या मोबाईल नाचवत आला. पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्री उखडून मुठा नदीत टाकला होता. संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी ते केले आणि त्याचे चित्रणही केले. 'राजसंन्यास'मध्ये संभाजी महाराजांची बदनामी आहे, हा त्यांचा आक्षेप होता. पुण्यात महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती.

पुतण्या म्हणाला, "बरं केलं. महाराजांबद्दल वाईट लिहितो म्हणजे काय?" मी ताडकन म्हणालो, "अरे, गडकरी आपल्या गावात वारले! लाज वाटायला पाहिजे असं करणाऱ्यांना." दोघांचेही आवाज चढले. बाबा ऐकत होते. त्यांनी विचारले, "कोनी वाचलं काय ते नाटक?"

पुतण्या गप्प. मीही गप्प. मराठी विषय घेऊन पदवीधर झालेला, तीस वर्षे शाळेत मराठी शिकवणारा मी, 'राजसंन्यास' मी पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापलीकडे वाचलेले नव्हते.

"मंग तुमी दोघंबी कायचं भांडून राह्यले?"

ग्रंथालयातून पुस्तक आणले. रोज संध्याकाळी बाबांना वाचून दाखवू लागलो, पुतण्या मोबाईल चाळत का होईना, जवळ बसू लागला. अपुरे नाटक. भाषेला काय झळाळी! आणि त्यातले संभाजी महाराज विलासात गुंतलेले, अखेरीस पश्चात्तापाने पोळलेले. पुतण्या म्हणाला, "पाहा काका, आहे ना?" होतेच. नाकारण्यात अर्थ नव्हता. मग मी वा. सी. बेंद्र्यांचे १९६० साली निघालेले संभाजी महाराजांचे चरित्र मिळवले. कमल गोखल्यांचे 'शिवपुत्र संभाजी' १९७१ चे. जुन्या बखरींनी रंगवलेला व्यसनी राजपुत्र बाजूला सारून अस्सल कागदांतून एक विद्वान, लढवय्या आणि मुत्सद्दी राजा या अभ्यासकांनी उभा केला. त्यासाठी वर्षानुवर्षे दप्तरे चाळली. गडकऱ्यांच्या हाताशी यातले काही नव्हते. त्यांच्या काळी जी बखर खरी मानत, तिच्यावरच त्यांनी आपला प्रतिभेचा साज चढवला. ज्यांना ते वाचून दुखते, त्यांचे दुखणे खोटे नाही. पण त्या दुखण्यावरचे औषध बेंद्र्यांनी सत्तावन्न वर्षांपूर्वीच करून ठेवले होते, आणि त्यासाठी त्यांना कुणाचा पुतळा हलवावा लागला नव्हता.

वाचन संपले त्या रात्री बाबा म्हणाले, "लिवणाऱ्याजवळ त्या टायमाले जे कागद होते, त्यातून त्यानं लिवलं. आता दुसरे कागद निघाले, तं दुसरं लिवा. नदीत टाकून काय निघते?"

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, बाबा गेले. गडकऱ्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेच साल.

* * *

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' प्रदर्शित झाला. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवरचा चित्रपट. आम्ही सारे घर नागपूरला जाऊन पाहून आलो. खोटे कशाला बोलू, शेवटच्या अर्ध्या तासात मी रडलो. पुतण्या तर थिएटरबाहेर आल्यावर बराच वेळ बोललाच नाही. ज्या राजाला शंभर वर्षांपूर्वी एका थोर नाटककाराने विलासी रंगवले होते, त्याला आता पडद्यावर न्याय मिळाला, असे वाटले. मात्र न्यायाचे काम तिथेही सोपे नव्हते. प्रदर्शनाआधीच महाराजांच्या लेझीम खेळण्याच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते काढले गेले. नंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी त्यांची माफी मागितली. एका घरचा मान राखायला जावे, तर दुसऱ्या घरचे मन दुखते. इतिहासावर कलाकृती करणाऱ्याच्या नशिबी हे आहेच.

त्यानंतर खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला, आणि १७ मार्चला नागपुरात महाल भागात दंगल झाली. त्या दिवशी तिथीने शिवजयंती होती. दुपारी निदर्शने झाली. संध्याकाळी, पवित्र मजकूर असलेली चादर जाळली अशी अफवा मोबाईलवरून पसरली, दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले, अनेक भागांत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकजण पुढे रुग्णालयात दगावला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत बोलताना, औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग 'छावा'मुळे पुन्हा जागा झाल्याचे म्हटले, आणि तरीही सर्वांनी शांतता राखावी, असेही सांगितले.

हे सारे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. जे छापून आले नाही, ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

माझी मुलगी नागपुरात नोकरीला असते, आणि महालातूनच ये-जा करते. त्या संध्याकाळी तिचा फोन लागेना. सात वाजले, आठ वाजले. आमच्या हातातल्या मोबाईलवर मात्र चित्रफितींचा पाऊस पडत होता. एक आली, अर्ध्या मिनिटाची. जळणारी बस, पळणारी माणसे, आणि खाली ओळ : 'आत्ताच, आपल्या नागपुरात.' माझ्या छातीत धस्स झाले. काही विचार न करता मी ती तीन ठिकाणी पुढे पाठवली, नातेवाइकांत, निवृत्त शिक्षकांत आणि आमच्या वसाहतीच्या गटात. का पाठवली? लोकांना सावध करायला, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे म्हणजे माझी भीती मला एकट्याला पेलवत नव्हती.

नऊच्या सुमारास दार वाजले. उस्ताद होते. आता तेही ऐंशीच्या घरात. त्यांचा नातू इतवारीतल्या दुकानात कामाला, त्याचाही फोन लागत नव्हता. "मास्तर, पोरीचा लागला काय?" मी नाही म्हणालो. ते खुर्चीवर टेकले. वसाहतीच्या गटात तेही आहेत. खिशातून मोबाईल काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. मी पाठवलेली चित्रफीत. तिच्याखाली तासाभरात दहा-बारा जणांनी लिहिले होते. शेवटच्या दोन ओळींत उस्तादांच्या जमातीबद्दल जे लिहिले होते, ते मी इथे लिहू शकत नाही. लिहिणारा माझा जुना विद्यार्थी होता.

उस्तादांनी त्या ओळींकडे बोट दाखवले नाही. त्यांनी चित्रातल्या जळत्या बसच्या मागे बोट ठेवले. "हे खांब पाहा, मास्तर. असे खांब आपल्या इकडं नाहीत. तारा बी अशा नसतात. हे नागपूर नाहीच." आयुष्यभर खांबांवर चढलेला माणूस. जे मला दिसले नाही, ते त्याला एका नजरेत दिसले.

मला पहिल्यांदा बाबा आठवले. माझा आवाज नव्हता तो, कोणा अनोळखी माणसाचा होता; पण माझ्या मशीनीतून गेला होता.

तिन्ही ठिकाणची चित्रफीत मी पुसली. पण पुसण्याआधी किती जणांनी ती पुढे नेली असेल, ते कसे कळणार? 'ही चित्रफीत नागपूरची नाही. खातरजमा न करता पाठवली, चूक माझी आहे,' एवढे लिहिले. हे लिहायला दोन मिनिटे लागली, आणि पाठवायला दहा. वयाच्या त्रेसष्टीत, चारशे लोकांसमोर चूक कबूल करायला अंगठा पटकन उठत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी वेगळा फोन केला. तो म्हणाला, "सर, तुम्ही पाठवलं म्हणून मला खरं वाटलं." ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

मुलीचा फोन साडेदहाला आला, मैत्रिणीच्या घरून. उस्तादांच्या नातवाचा एक वाजता. तोवर आम्ही दोघे ओसरीवर बसून होतो. सावनेर शांत होते. उस्ताद उठताना म्हणाले, "तुमचे बाबा असते तं म्हनले असते, बॅटरी बसली."

* * *

लोक म्हणतात, कलावंतांनी जपून लिहावे. पुढारी म्हणतात, कायदा कडक करू. तंत्रज्ञ म्हणतात, खोटे ओळखणारे यंत्र काढू. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य असेल. पण कीचकवधावर बंदी घालणारे सरकार आणि पुतळा नदीत टाकणारे हात, हे दोघेही दुसऱ्याचे तोंड धरणारे. त्याने आजवर कोणता शब्द मेला? 'कीचकवध' आजही छापील मिळते, आणि 'राजसंन्यास' पुतळा पडल्यानंतरच माझ्या घरात पहिल्यांदा पूर्ण वाचले गेले.

बाबांनी दुसऱ्याचे तोंड धरले नाही. आपले बटण तेवढे फिरवले, आणि त्याची किंमत दोन निवडणुकांच्या धंद्याने मोजली. पूर्वी बोलणारा आणि ऐकणारा यांच्या मध्ये असा कोणीतरी बसलेला असे. कधी अ‍ॅम्प्लिफायरवाला, कधी पडद्याआडचा प्रॉम्प्टर, कधी छापखान्यातला खिळे जुळवणारा, कधी संपादक. सारेच शहाणे होते असे नाही, पण तिथे एक हात होता. आज ती जागा रिकामी झाली आहे असे आपल्याला वाटते. ती रिकामी नाही. तिथे आपण बसलो आहोत, तुम्ही, मी, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत मोबाईल बघणारी आमची मंडळी. तीन पिढ्या जे काम एका माणसाने केले, ते आता घरटी चौघांकडे आले आहे आणि ते कोणी कोणाला शिकवलेले नाही.

पुतण्या हल्ली उमेदवारांसाठी मोबाईलवरच्या छोट्या चित्रफिती करून देतो. गाणी, घोषणा, ढोल, सारे घरबसल्या. आजोबांचाच धंदा म्हणायचा, कर्णे तेवढे दिसत नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत एका रात्री तो माझ्या खोलीत आला. विरोधी उमेदवाराचे जुने भाषण कापून-जोडून केलेली चित्रफीत त्याच्याकडे आली होती. पुढे सोडायची होती, पैसेही चांगले होते. "काका, एकदा पाहून सांगता का?"

मी पाहिले. मग विचारले, "पूर्ण भाषण कोणी ऐकलं का?"

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नाही. आधी ते काढतो."

त्याने पुढे काय केले, ते मी विचारले नाही. धंदा त्याचा आहे, बटणही त्याचे. अ‍ॅम्प्लिफायर भंगारात द्यायचा का, असे घरात अधूनमधून निघते, तेव्हा नको म्हणणाऱ्यांत आता तोही असतो, एवढे मात्र खरे.